तारेच्या दुसऱ्या टोकाचा धूर

वारणा खोऱ्यातल्या सत्तर गावांना संगणकाने जोडण्याचा प्रकल्प १९९८ साली सुरू झाला, तेव्हा कोल्हापूर शहरातसुद्धा इंटरनेट वापरणारा माणूस शोधावा लागे. केंद्र सरकारने त्याच वर्षी माहिती तंत्रज्ञानासाठी एक राष्ट्रीय कृती दल नेमले होते. त्याच्या पुढाकारातून राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र (एनआयसी), राज्य शासन आणि वारणेचा सहकारी उद्योगसमूह यांनी मिळून सुमारे अडीच कोटी रुपयांत हे काम उभे केले. कोल्हापूर आणि सांगली या दोन जिल्ह्यांत पसरलेली ही गावे तात्यासाहेब कोरे यांनी उभारलेल्या साखर कारखान्याच्या पट्ट्यातली. 'वायर्ड व्हिलेज' या नावाने गाजलेल्या या प्रकल्पाकडून अपेक्षा फार मोठ्या होत्या: शेतीचा सल्ला, बाजारभाव, शिक्षण, रोजगार. प्रत्यक्षात गावातल्या केंद्रावर चाललेले बहुतेक काम उसाचे होते. लागणीची नोंद, तोडणीचा परवाना, काट्यावर भरलेले वजन, खताची उधारी, बिलाचा हिशेब. एरवी यातल्या एकेका कामासाठी शेतकऱ्याला गट ऑफिस किंवा थेट कारखाना गाठावा लागे, नाहीतर चिटबॉय कधी फिरकतो याची वाट पाहावी लागे. पुढे अनेकांनी या प्रकल्पाला नावे ठेवली ती याच कारणाने, की एवढा गाजावाजा करून हाती काय आले, तर उसाची पावती. हवामानाच्या प्रश्नाच्या अंगाने पाहिले तर मला ती पावतीच सर्वांत मोलाची वाटते. क्योटोचा करार आदल्याच वर्षी, डिसेंबर १९९७ मध्ये झाला होता. वारणेत मात्र कार्बन हा विषयच नव्हता. आणि तरीही डिजिटल यंत्रणेमुळे शहराचे आणि त्याच्या भोवतीच्या मुलखाचे उत्सर्जन घटते की वाढते, या आजच्या वादाला हात घालायला इतकी चांगली जागा दुसरी नाही.

हिशेब कागदावर मांडून पाहता येतो. काचेच्या जाड पडद्याचा त्या काळचा संगणक साधारण दीडशे वॅट वीज घेई. दिवसाचे आठ तास चालला तर खर्च सव्वा युनिटच्या आसपास. मुख्यतः कोळशावर चालणाऱ्या आपल्या ग्रिडमधून एक युनिट घेतले की पाऊण ते एक किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, म्हणजे केंद्राचा दिवसाचा भार किलोभर. आता दुसरी बाजू. वीस किलोमीटरची जा-ये करणारी मोटारसायकल लिटरला पन्नास पळते असे धरले, तर ती चारशे मिलिलिटर पेट्रोल जाळते आणि सुमारे नऊशे ग्रॅम उत्सर्जन करते. एक हेलपाटा वाचला की संगणकाचा दिवस जवळजवळ फिटला. भारनियमनाच्या काळात बॅटरी आणि यूपीएसमध्ये वाया जाणारी वीज धरून हा भार दुप्पट मानला, तरी दोन-तीन हेलपाट्यांत तो वसूल होतो; आणि गळीत हंगामात तोडीच्या तारखेसाठी एकेका गावातून किती माणसे कारखान्याकडे धावतात हे ऊसपट्ट्यात कुणाला सांगायला नको. शिवाय पेट्रोल ही यातली लहान बाब. तोडलेला ऊस गाडीतळावर पडून राहिला की त्यातली साखर उतरत जाते. कोल्हापूर विभागाचा साखर उतारा देशात वरच्या पायरीवरचा, बारा टक्क्यांच्या आसपासचा. तो दशांशाने जरी घसरला तरी तेवढ्याच साखरेसाठी जास्त ऊस पिकवावा, तोडावा, ओढावा आणि गाळावा लागतो. परवाना वेळेवर निघाला, तोड आणि गाळप यांतले अंतर कमी झाले, तर वाचणारे डिझेल आणि खत यांच्यापुढे संगणकाची वीज किरकोळ ठरते.

वारणेची गोष्ट इथेच संपत नाही, आणि पुढचा भाग अधिक बोलका आहे. दहा वर्षांच्या आत हे संगणक जुने झाले, टेलिफोनची जोडणी भरवशाची राहिली नाही, दुरुस्तीचा खर्च डोईजड झाला. तेव्हा मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाच्या संशोधकांनी सात गावांत सुमारे आठ महिने एक प्रयोग केला: संगणक बाजूला ठेवून तेच काम साध्या मोबाइलवरून एसएमएसने करायचे. उसाचे वजन, खताचा हिशेब, परवान्याची स्थिती, जे पूर्वी पडद्यावर दिसे ते आता दोन ओळींच्या संदेशात मिळू लागले. काम अडले नाही, खर्च मात्र खूप उतरला. त्या काळच्या साध्या मोबाइलची बॅटरी पूर्ण भरायला तीन-चार वॅट-तास पुरत. म्हणजे तेच काम शेकडो पटींनी कमी विजेत होऊ लागले. यावरून एक गोष्ट उघड होते. वारणेतली बचत संगणकाच्या ताकदीतून आलेली नव्हती. ती आली कारखान्याच्या वहीतून. नोंदणी, तोडणीचा क्रम, वजन आणि बिल ही साखळी त्या संस्थेकडे आधीपासून बांधलेली होती, आणि तारेने तिची फक्त एक कडी, माणसाची पायपीट, काढून टाकली. बाजारभाव किंवा शेतीसल्ला यांच्या मागे अशी साखळी नव्हती, म्हणून ती स्वप्ने हवेत राहिली. माझे म्हणणे एवढेच आहे, की डिजिटल तार उत्सर्जन घटवते ती अशा ठिकाणी, जिथे एखादी संस्था तिच्या जोरावर प्रत्यक्ष वाहतूक किंवा प्रत्यक्ष जळण कायमचे बंद करते. बाकीच्या ठिकाणी ती धूर एका जागेवरून उचलते आणि दुसऱ्या जागी ठेवते. या दुसऱ्या प्रकाराचा अनुभव कोल्हापूरला शंभराहून अधिक वर्षांचा आहे.

मिरज-कोल्हापूर रेल्वे १८९१ मध्ये सुरू झाली. त्याआधी करवीरचा माल बैलगाडीने घाट उतरून कोकणातल्या बंदरांकडे जाई. सगळ्या वाहतुकीचे इंधन म्हणजे कडबा. रेल्वेने कोळसा आणला आणि त्याबरोबर रुळांच्या कडेची तारही. १८९५ मध्ये शाहू महाराजांनी शाहूपुरीची पेठ वसवली, गुळाची बाजारपेठ तिथे वाढली, आणि दूरच्या गावचा भाव तारेने कळण्याची सोय व्यापाऱ्याच्या हाती आली. आजच्या भाषेत सांगायचे तर भाव विचारण्यासाठीची सफर वाचली. पण भाव लवकर कळतो म्हणून गूळ कमी हलला का? उलट, भाव कळू लागल्यावरच लांबचा सौदा परवडू लागला आणि वाघिणी भरभरून माल बाहेर पडला. निरोप धावतो तिथे मालही मागोमाग धावतो, हे तेव्हाच दिसून आले होते. ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ जेव्हॉन्स यांनी १८६५ मध्ये कोळशावर लिहिलेल्या पुस्तकात हेच निराळ्या वाटेने मांडले होते: वाफेचे यंत्र काटकसरी झाले की कोळशाचा एकूण खप वाढतो, कारण स्वस्त झालेली शक्ती नव्या कामांना जुंपली जाते. आज राजारामपुरीत बसून फोनवर रस्सा मागवला की एक दुचाकी हॉटेलपासून घरापर्यंत येते आणि रिकामी परत जाते. जेवायला बाहेर जाणाऱ्या चौघांची गाडी वाचली असेल तर हा सौदा फायद्याचा. घरात चूल पेटवण्याऐवजी मागवले असेल तर तोट्याचा. ॲपला यातला फरक कळत नाही आणि कळून घेण्याचे त्याला कारणही नाही.

विजेने हा प्रकार आणखी पुढे नेला. मुंबईतल्या गिरण्यांच्या धुराने लोक हैराण झाले आणि १९१२ मध्ये धुराच्या उपद्रवाविरुद्ध कायदा करावा लागला. तीन वर्षांनी, १९१५ मध्ये, टाटांच्या खोपोलीच्या केंद्रातून पाण्याची वीज मुंबईला पोहोचली आणि गिरण्यांचे बॉयलर एकेक करून थंडावू लागले. धूर खरोखर कमी झाला. तो नुसता सरकला असे इथे म्हणता येणार नाही. पण किंमत सरकली. ती वाढत्या मागणीपोटी धरणाखाली जाणाऱ्या मुळशीच्या मावळ्यांच्या शेतांवर जाऊन बसली, आणि सेनापती बापटांच्या नेतृत्वाखालचा १९२१ ते १९२४ चा सत्याग्रह त्यातून उभा राहिला. शहराला स्वच्छ दिसणारी शक्ती मिळते तेव्हा तारेच्या दुसऱ्या टोकाला कोण बसले आहे, हा प्रश्न महाराष्ट्रात तेव्हापासूनचा आहे. कोल्हापूरच्या वाट्याला या बाबतीत थोडे बरे दिवस आले. शाहू महाराजांनी हाती घेतलेले राधानगरीचे धरण त्यांच्या हयातीत पुरे झाले नाही, पण पुढे त्याच्या पायथ्याशी लहानसे का होईना वीजकेंद्र चालू झाले. साठच्या दशकात शेजारच्या कोयनेची वीज येऊ लागली. आज कोयनेची क्षमता १९६० मेगावॅट आहे. मात्र पाणीवाटपाच्या लवादाने पश्चिमेकडे वळवायला दिलेले तिचे पाणी वर्षाला ६७.५ टीएमसी इतकेच आहे, त्यामुळे ती दिवसरात्र चालवता येत नाही. संध्याकाळी मागणी चढली की कोयना धावून येते. उरलेला दिवस आणि उरलेली रात्र चंद्रपूर, कोराडी, परळी, भुसावळ सांभाळतात. कोल्हापूरकर स्वतःला पाण्याच्या मुलखातला समजतो, आणि नकाशावर ते खरेही आहे, पण त्याच्या मीटरमधून फिरणाऱ्या विजेतला मोठा वाटा कोळशाचाच असतो.

यंत्राच्या शहराला हे सर्वांत ठळक दिसले ते फाउंड्रीत. शिवाजी उद्यमनगरातून सुरू होऊन शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या वसाहतींपर्यंत पसरलेला हा धंदा, सुमारे तीनशे कारखान्यांचा. तेलावर चालणाऱ्या इंजिनांच्या जमान्यात इथल्या ओतकामाची ख्याती झाली, आणि आज देशातल्या मोटारी, ट्रॅक्टर, ट्रक यांच्या पोटात कोल्हापूरचे बीड असते. जुनी भट्टी म्हणजे क्युपोला: वरून कोक आणि लोखंडाचे थर टाकायचे, खालून वारा मारायचा. एक टन लोखंड वितळायला सव्वाशे ते दीडशे किलो कोक लागे. कोकमधला कार्बन जळून होणारा वायू मोजला तर टनामागे चारशे किलो किंवा थोडा जास्तच. मग इंडक्शन भट्ट्या आल्या, विजेवरच्या. वस्तीजवळचा काळा धूर हटला, कामगाराच्या छातीतली काजळी कमी झाली, आणि हा लाभ कुणी लहान समजू नये. पण इंडक्शन भट्टी एका टनाला सहाशे युनिटच्या आसपास वीज खाते. देशाच्या ग्रिडचे आजचे सरासरी उत्सर्जन युनिटमागे सुमारे ०.७ किलो. गुणाकार केला की आकडा येतो ४२० किलो. म्हणजे हवामानाच्या वहीत फरक जवळपास शून्य. उद्यमनगरातला धूर चंद्रपूरच्या चिमणीतून निघू लागला, एवढाच बदल. याला उत्तर म्हणून कोणी सांगेल की कोक कधीच स्वच्छ होणार नाही, तार मात्र होऊ शकते. ग्रिडमध्ये सौर आणि पवनऊर्जेचा वाटा वाढेल तसा त्याच भट्टीचा आकडा आपोआप खाली येईल. हे मला पूर्ण मान्य आहे, आणि माझ्या मते विजेच्या बाजूने केलेला हा सर्वांत भक्कम युक्तिवाद आहे. फक्त 'आपोआप' या शब्दाशी थोडे थांबायला हवे. भट्टीवाल्याने तार ओढली तेव्हा धुराचा निर्णयही तारेबरोबर त्याच्या हातून गेला. कोक कमी जाळायचा की नाही हे तो स्वतः ठरवू शकत होता. चंद्रपूरचा कोणता संच कधी बंद करायचा हे ठरवताना त्याला कोणी विचारत नाही.

याच फाउंड्रीत डिजिटल साधनाचे एक उजळ उदाहरणही आहे. साचा बनवण्याआधी वितळलेले लोखंड त्यात कसे वाहील, कुठे आधी थिजेल, पोकळी कुठे राहील, हे आता संगणकावर आजमावता येते. पूर्वी हे कारागिराच्या अनुभवावर आणि दोन-चार फसलेल्या ओतकामांवर शिकावे लागे. रिजेक्शन शंभरात आठवरून पाचवर आले असे धरा. फसलेले बीड पुन्हा वितळवता येते, म्हणून धातू वाया जात नाही, पण त्याच्यासाठी जाळलेली वीज परत येत नाही. शंभर टनांमागे तीन टनांची भट्टी वाचली तर अठराशे युनिट वाचतात, आणि हे दाखवणारा संगणक काही तास चालून पाच-दहा युनिट खातो. गुंतवणुकीवर इतका परतावा उत्सर्जन घटवण्याच्या फार थोड्या उपायांना मिळतो. इथेही वारणेसारखेच घडते. संगणकाने भट्टीचे एक प्रत्यक्ष तापणे रद्द केले, आणि ते रद्द झाल्याची नोंद कारखान्याच्या वीजबिलात दिसली. जेव्हॉन्स इथेही डोके वर काढतो: रिजेक्शन घटले की भाव उतरतो, भाव उतरला की ऑर्डर वाढते. ओतकाम कोल्हापुरात वाढले आणि जास्त कोळसा खाणाऱ्या दुसऱ्या जागी तेवढे घटले तर हरकत नाही. एकूणच वाढले तर बचतीचा काही भाग विरून जातो. तो पूर्ण विरतो असे म्हणणारे अतिशयोक्ती करतात, मुळीच विरत नाही म्हणणारेही.

आता शहराच्या रोजच्या डिजिटल जगण्याकडे. २०१६ मध्ये जिओ आला तोवर भारतातला सरासरी मोबाइल ग्राहक महिन्याला एक जीबीहूनही कमी डेटा वापरत होता. आज तो वीस जीबीच्या पुढे गेला आहे. कोल्हापुरात रात्री आठ ते अकरा या वेळात फोनवर चाललेल्या मालिका, रील आणि क्रिकेट यांची साठवण आणि पाठवण कोल्हापुरात होत नाही. ती होते मुख्यतः मुंबईच्या भोवती. समुद्राखालच्या केबल मुंबईत उतरतात, म्हणून ऐरोली, रबाळे, महापे आणि पनवेल या पट्ट्यात देशातली निम्म्याच्या आसपास डेटा सेंटर एकवटली आहेत. जिथे एकेकाळी रसायनांचे कारखाने होते तिथे आता खिडक्या नसलेल्या इमारती उभ्या आहेत आणि दमट हवेत त्या थंड ठेवायला चोवीस तास वीज लागते. ही वीज येते कुठून हे पाहायचे तर एक तारीख महत्त्वाची आहे. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी चालू झाली आणि दक्षिणेचे ग्रिड उरलेल्या देशाशी जोडले गेले. सोलापूरच्या त्या तारेने संपूर्ण भारत एका वारंवारतेवर आणला. तेव्हापासून या शहराची वीज आणि त्या शहराची वीज अशी भाषा खऱ्या अर्थाने उरली नाही. शाहूपुरीतले एक बटण देशाच्या एकाच मोठ्या तलावातून पाणी ओढते. आणि सूर्य मावळल्यानंतर, नेमका डेटाचा बाजार तेजीत असतो त्या वेळी, त्या तलावात कोळशाचे पाणी जास्त असते. त्यात फोनचे जन्मापूर्वीचे ओझेही मिळवायला हवे: एका स्मार्टफोनच्या आयुष्यभराच्या उत्सर्जनातला बहुतांश भाग तो बनवतानाच, चीन, तैवान, कोरियातल्या कारखान्यांत होऊन गेलेला असतो.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो हलका नाही: हे सगळे मुळात आहेच केवढे? आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या हिशेबाने २०२४ मध्ये जगभरच्या डेटा सेंटरांनी सुमारे ४१५ अब्ज युनिट वीज वापरली, म्हणजे जगाच्या वीजवापराच्या दीड टक्का. एका कोल्हापूरकराच्या महिन्याभराच्या रीलपेक्षा त्याच्या घरचा गीझर आणि दारची मोटार कितीतरी मोठे पापी आहेत. शिवाय यंत्रांची कार्यक्षमता चकित करणारी आहे. २०१० ते २०१८ या काळात डेटा सेंटरांमधले गणनेचे काम सहापटीहून अधिक झाले, तरी त्यांची वीज अवघी सहा टक्क्यांनी वाढली, असे 'सायन्स' या नियतकालिकातल्या २०२० च्या अभ्यासाने दाखवले. हे आकडे मी नाकारत नाही. डिजिटल जगाला पर्यावरणाचा नवा राक्षस ठरवणारे लेख या आकड्यांकडे डोळेझाक करतात. मात्र त्या आठ वर्षांत जे झाले ते एकदाच होण्याजोगे होते. विखुरलेले, अर्धे रिकामे सर्व्हर मोठ्या केंद्रांत एकत्र आले, आणि ते एकत्रीकरण बरेचसे उरकले आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेची लाट त्यानंतरची. त्याच ऊर्जा संस्थेचा अंदाज २०३० पर्यंत हा वापर ९४५ अब्ज युनिटांवर, म्हणजे दुपटीहून पुढे जाण्याचा आहे. जागतिक सरासरीत दीड टक्का दिसणारा भार जिथे एका पट्ट्यात गोळा होतो तिथे तो दीड टक्का राहत नाही. नवी मुंबईच्या उपकेंद्रांना सरासरीचा दिलासा उपयोगाचा नाही.

दुसरा आक्षेप चीनमधून येतो. तिथल्या सरकारने २०१३ मध्ये 'ब्रॉडबँड चायना' हे धोरण जाहीर केले आणि २०१४ ते २०१६ या तीन वर्षांत टप्प्याटप्प्याने शंभरावर शहरे प्रायोगिक म्हणून निवडली. निवडलेली आणि न निवडलेली शहरे अशी आपोआप तुलना मिळाल्याने संशोधकांना ते रानच मोकळे मिळाले, आणि यातल्या अनेक अभ्यासांचा निष्कर्ष असा की वेगवान जोडणीने शहरांचे उत्सर्जन घटवले, उद्योगांची रचना बदलून आणि नवे तंत्र पसरवून. मी या निष्कर्षांना खोटे म्हणत नाही. पण कोल्हापूरच्या फाउंड्रीचा हिशेब डोळ्यांपुढे ठेवून वाचले की एक शंका येते: धूर शहराच्या वहीतून गेला, की पृथ्वीच्या? शहराची हद्द हे मोजमापाचे एकक धरले की हद्दीबाहेर गेलेला धूर बचत म्हणून नोंदला जाण्याचा धोका राहतो. खुद्द चीनने २०२२ मध्ये पूर्वेचा डेटा पश्चिमेकडे नेण्याची मोठी योजना सुरू केली. किनाऱ्यावरच्या श्रीमंत शहरांची गणना ग्वेजो, अंतर्गत मंगोलिया, गान्सू अशा प्रांतांत होऊ लागली. तिथे वारा आणि पाणी आहे, म्हणून हे स्थलांतर कदाचित फायद्याचे ठरेल. अंतर्गत मंगोलियात कोळशाच्या खाणीही आहेत. फायद्याचे ठरले की नाही हे शांघायची वही पाहून कळणार नाही, जशी मुंबईच्या गिरण्यांची खरी किंमत गिरणगावात उभे राहून दिसली नसती.

तिसरे म्हणणे रोजच्या अनुभवातले: व्हिडिओवर बैठक झाली की प्रवास वाचतो, मग शंका कसली? इथे कोल्हापूरने नुकताच एक धडा दिला आहे. मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ इथे व्हावे ही सहा जिल्ह्यांची मागणी चार दशकांहून जुनी. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग इथले पक्षकार आणि वकील एकेका तारखेसाठी मुंबई गाठत. कोल्हापुरातून तो एका बाजूचा प्रवास पावणेचारशे किलोमीटरच्या घरात. २०२० च्या टाळेबंदीने न्यायालये पडद्यावर आणली, ई-फायलिंग रुळले. तर्काने पाहिले तर खंडपीठाची मागणी तिथेच विरायला हवी होती. ती विरली नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत सर्किट बेंचचे काम सुरू झाले, आणि सहा जिल्ह्यांचा मुंबईचा हेलपाटा कमी केला तो एका दगडी इमारतीने. पडद्यावरच्या सुनावणीत काहीतरी कमी पडत होते: कागद पाहणे, वकिलाशी दाराबाहेर बोलणे, आपले म्हणणे कोणी ऐकले याची खातरी. तारेने प्रवास वाचतो हे खरे, पण ती संस्था आपले काम तारेवर सोपवायला मनापासून तयार असेल तेव्हाच. ऑनलाइन सातबाऱ्याचे उलटे उदाहरण आहे. २०१८ पासून डिजिटल सहीचा उतारा कायदेशीर ठरला आणि तलाठ्याच्या दाराशी होणाऱ्या खेपा खरोखर घटल्या, कारण तिथे फक्त कागद हवा होता आणि शासनाने तो कागद संगणकावरूनच मान्य केला.

तेव्हा प्रश्न उरतो हिशेबाचा. शहरांचे उत्सर्जन मोजण्याची २०१४ पासून जगभर रूढ असलेली पद्धत बाहेरून आलेल्या विजेचा धूर शहराच्या नावे धरते. म्हणून शिरोलीच्या भट्टीचे ४२० किलो नोंदीत येतात. बाहेरून घेतलेली गणना, साठवण आणि यंत्रे मात्र त्या पद्धतीत सक्तीची नाहीत, आणि जे सक्तीचे नाही ते महापालिकेच्या आराखड्यात क्वचितच दिसते. यावर शेवटचा आक्षेप असा, की सहा-सात लाखांच्या शहराने हे मोजून तरी काय साधायचे. रबाळ्याच्या डेटा सेंटरला कोल्हापूरचे मत कोण विचारतो? एकट्या फाउंड्रीवाल्याच्या बाबतीत मीच वर हेच म्हटले आहे. पण हा मुलूख एकट्याने सौदा न करण्यावरच उभा राहिला. दूध विकायला गोकुळ, ऊस गाळायला वारणा आणि तिच्यासारखे डझनाहून अधिक कारखाने, पैशाला जिल्हा बँक. या सगळ्या संस्था आज सर्व्हरची जागा, सॉफ्टवेअर आणि साठवण विकत घेतात, बहुतेक वेगवेगळ्या करारांनी, आणि भाव व सुरक्षितता यांपलीकडे फारसे काही विचारत नाहीत. करार नवा करताना दोन अटी घालता येतात: आमचा डेटा कोणत्या केंद्रात आहे हे सांगा, आणि तिथली वीज वर्षाच्या सरासरीने न दाखवता तासाच्या हिशेबाने दाखवा. साखर कारखान्यांच्या चिपाडावरच्या विजेचा इथे उपयोग आहे; गळिताच्या महिन्यांत ती ग्रिडला रात्रंदिवस मिळते, आणि जिल्ह्यातल्या संस्थांनी आपल्या रात्रीच्या सर्व्हरचा भार तिच्याशी बांधून घेण्याचा करार करणे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. गळीत संपल्यावर, एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत, त्याच रात्रींसाठी वीज कुठली घ्यायची हा मात्र वेगळा आणि कठीण सौदा आहे, आणि तो करताना कोयनेच्या ६७.५ टीएमसीवर आधीच बऱ्याच जणांची नजर लागलेली असेल.